पोपट घरात जे चाळे करतो, ते कुणासाठी करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तीन वर्षांचा आफ्रिकन ग्रे, म्हणजे राखाडी पोपट आहे. तो फोनची रिंग हुबेहूब काढतो आणि मग स्वतःच ‘हॅलो’ म्हणतो. आईच्या आवाजात धाकट्या मुलाला हाक मारतो आणि मुलगा धावत आला की मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहतो. टेबलावरचा चमचा ढकलून पाडतो आणि ‘अरेरे’ म्हणतो. पाहुणे आले की मात्र मुका होतो. हे सगळं तो समजून करतो की नुसती नक्कल असते? आणि आपण हसलो तर त्याला वाईट सवय लागते का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. खुशाल हसा. फक्त आपण नेमकं कशाला हसतो याकडे लक्ष असू द्या, कारण पोपटाचं तिकडे बारीक लक्ष असतं. गेली २६ वर्षं मी पाळीव पक्ष्यांवर उपचार करतो आहे. माझ्या घरीही बंड्या नावाचा राखाडी पोपट आहे, आता १९ वर्षांचा. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की पटली आहे: पोपटाचे बहुतेक चाळे हे त्याचं घरातल्या माणसांशी चाललेलं बोलणं असतं. आपलं हसणं हे त्याला मिळालेलं उत्तर.

फोनच्या रिंगपासूनच सुरुवात करू. लोक मला विचारतात, एवढे शब्द शिकवले ते राहिले बाजूला, हा फोन, दाराची बेल आणि मायक्रोवेव्हची पिपाणीच कशी उचलतो? पोपटाच्या जागी बसून घराकडे बघा. दिवसभरात माणसं हजारो शब्द बोलतात आणि त्यातल्या बहुतेकांनी काहीच घडत नाही. पण रिंग वाजली की माणूस हातातलं काम टाकून धावतो. बेल वाजली की सगळं घर उठतं. मायक्रोवेव्ह वाजला की खायला काहीतरी बाहेर येतं. म्हणजे हे आवाज काम करणारे आवाज आहेत, आणि पोपट नेमके तेच निवडतो. बंड्या तर रिंग काढतो, ‘हॅलो’ म्हणतो, मग थोडा थांबतो, ‘हं... हं... बरं’ म्हणतो, पुन्हा थांबतो आणि शेवटी ‘ठेवतो’ म्हणून मान फिरवतो. पलीकडच्या माणसाला बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढीच जागा तो मधे सोडतो. ‘हं’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेल असा माझा दावा नाही, पण बोलण्यात आळीपाळी असते हे त्याला नक्की ठाऊक आहे.

हे आवाज त्याच्या गळ्यातून निघतात कसे, हेही बघण्यासारखं आहे. आपलं स्वरयंत्र घशात वर असतं. पक्ष्यांचं मात्र खाली छातीत, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात त्या जागी असतं. त्यात पोपटाची जीभ जाड आणि मांसल. ती किंचित पुढेमागे झाली तरी आवाजाचा पोत बदलतो. ओठ मुळीच नसताना हा पक्षी ‘प’ आणि ‘म’ ऐकू येतील असे काढतो. बंड्याने पहिल्यांदा ‘आई’ म्हटलं तेव्हा माझी आई स्वयंपाकघरातून ‘काय रे?’ म्हणत बाहेर आली होती, कारण आवाज माझा होता.

आता तुमच्या घरातली हाक. रानात थवा चरायला पांगला की पोपट एकमेकांना सतत हाळी देत राहतात. मी इथं आहे, तू कुठं आहेस, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडून उत्तर आलं की जीव भांड्यात पडतो. व्हेनेझुएलातल्या चिमणीएवढ्या हिरव्या पोपटांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक पिल्लाची हाळी वेगळी असते आणि ती त्याला आईबापांकडून मिळते, असं त्यात दिसलं. संशोधकांनी घरट्यांमधली अंडी आपसांत बदलून पाहिली, तर पिल्लांनी सांभाळणाऱ्या आईबापांची हाळी उचलली. म्हणजे नाव ठेवणं आणि नावाने हाक मारणं यासारखं काहीतरी या कुळात मुळातच आहे.

तुमचा पोपट धाकट्याला हाक मारतो ती आईच्या आवाजात, कारण त्या आवाजात हाक मारली की मुलगा येतो हे त्याने शेकडो वेळा पाहिलं आहे. बाबांच्या आवाजाला मुलगा ‘आलो, आलो’ म्हणत बसून राहत असेल, तर तो आवाज पोपट उचलणार नाही. मुलगा आल्यावर मान वाकडी करून बघणं मला सगळ्यात गोड वाटतं. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे एखादी गोष्ट नीट न्याहाळायची तर त्याला एक डोळा तिच्याकडे वळवावा लागतो. तो मुलाला न्याहाळत असतो. ज्याला बोलावलं तो आला, हे त्याला बघायचं असतं.

मग हे समजून की नक्कल? या प्रश्नावर सगळ्यात जास्त काम झालं ते अ‍ॅलेक्स नावाच्या राखाडी पोपटावर. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने तो १९७७ मध्ये घेतला आणि २००७ मध्ये तो गेला, म्हणजे तीस वर्षं त्याचा अभ्यास चालला. सुमारे ५० वस्तूंची नावं, ७ रंग, ५ आकार आणि ६ पर्यंतची संख्या त्याला येत होती. दोन वस्तू दाखवून ‘काय वेगळं आहे?’ असं विचारलं तर तो रंग, आकार किंवा पदार्थ यांपैकी बरोबर उत्तर द्यायचा, आणि काहीच वेगळं नसेल तर तसंही सांगायचा. पण माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. तो केळं मागायचा, आणि गंमत म्हणून त्याला दाणा दिला तर गप्प बघत राहायचा, पुन्हा केळंच मागायचा, नाहीतर तो दाणा समोरच्या माणसाच्या अंगावर भिरकावायचा. नुसती नक्कल करणाऱ्याला दाणाही चालला असता. याला काय हवं आहे ते ठाऊक होतं.

तरीही प्रत्येक घरगुती पोपट अ‍ॅलेक्स नसतो. त्याला रोज कित्येक तास एका ठरावीक पद्धतीने शिकवलं जात होतं. दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांना वस्तू विचारायची, बरोबर नाव सांगणाऱ्याला ती वस्तू मिळायची, आणि अ‍ॅलेक्स हे बघून त्या खेळात उतरायचा. तुमच्या पोपटाला ‘अरेरे’ या शब्दातली हळहळ कळते असं मी म्हणणार नाही. वस्तू पडली की ‘अरेरे’ येतं, एवढी जोडी त्याने बरोबर लावली आहे. ती जोडी तो योग्य वेळी वापरतो, आणि माझ्या मते तेवढंही थोडं नाही.

चमचा पाडण्यात दोन खेळ एकात एक मिसळलेले आहेत. पहिला वस्तूशी. हा पक्षी जग चोचीने आणि पायाने चाचपून ओळखतो. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे पकड हातासारखी बसते. वरची चोच कवटीला घट्ट जोडलेली नसते, ती स्वतंत्र हलते, म्हणून दांडीवर चढताना चोच तिसऱ्या पायाचं काम करते. एक गंमत करून बघा: खाणं तो कोणत्या पायात धरतो? पुष्कळ पोपट डावखुरे असतात, काकाकुवे तर जवळजवळ सगळेच. दुसरा खेळ माणसाशी. चमचा पडला की तुम्ही वाकता, उचलता, काहीतरी बोलता आणि चमचा पुन्हा टेबलावर येतो. त्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगला खेळगडी नाही. पाडल्यावर तो कडेला येऊन खाली डोकावतो की तुमच्या तोंडाकडे बघतो, यावरून त्या घटकेला कोणता खेळ चालला आहे हे कळतं.

या पाडापाडीला मी कधी हलकं मानत नाही. व्हिएन्नाजवळच्या एका प्रयोगशाळेत फिगारो नावाचा काकाकुवा होता. खेळता खेळता त्याचा खडा जाळीबाहेर पडला आणि तो काडीने तो ओढायला बघू लागला. संशोधकांनी मग बाहेर दाणा ठेवला. फिगारोने लाकडी तुळईची लांब ढलपी चोचीने सोलून काढली आणि तिने दाणा आत ओढून घेतला. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि या जातीचे पक्षी रानात हत्यार वापरतात असं तोवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. सुरुवात एका पडलेल्या खड्यापासून झाली होती. म्हणून चमचे पाडण्यावर चिडू नका. त्याला पाडायच्या म्हणून चार वेगळ्या वस्तू द्या: लाकडी ठोकळा, पुठ्ठ्याची नळी, दोरीची गाठ, जुन्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण. प्रत्येकाचा पडल्याचा आवाज वेगळा. बंड्याला झाकणाचा आवाज सगळ्यात जास्त आवडतो आणि ते तो कायम शेवटी पाडतो.

नाचाचंही सांगायला हवं, कारण तुमचा पोपट अजून नाचत नसेल तर कधीतरी नाचेल. स्नोबॉल नावाच्या काकाकुव्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली, तेव्हा अनेकांना वाटलं की समोर कुणीतरी माणूस हातवारे करत असणार. संगीत आणि मेंदू यांचा अभ्यास करणारे अनिरुद्ध पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गाणं कमीजास्त गतीने वाजवून पाहिलं, तर स्नोबॉलने पुष्कळदा आपला ठेका त्याप्रमाणे बदलला. हे २००९ मध्ये छापून आलं. २०१९ मध्ये याच पक्ष्याच्या नाचात १४ वेगवेगळ्या हालचाली मोजल्या गेल्या आणि त्या त्याला कुणी शिकवल्या नव्हत्या. ऐकलेला आवाज हुबेहूब काढू शकणाऱ्या मेंदूतच ठेका धरण्याची सोय असावी, असा तर्क यामागे आहे. गाणं लावा, स्वतः मान हलवा आणि वाट बघा. आवाज मात्र बेताचा ठेवा.

आता हसण्याकडे येतो, कारण खरी मेख इथं आहे. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका प्राणी उद्यानात वेगवेगळ्या घरांतून आलेले पाच राखाडी पोपट काही दिवस एकत्र ठेवले होते. एकाला शिव्या येत होत्या. एक शिवी देई, दुसरा हसे, आणि मग सगळेच शिकले. कर्मचारी आणि प्रेक्षकही हसत, म्हणून पोपटांना अधिकच चेव येई. शेवटी त्यांना वेगळं करून इतर पोपटांच्या थव्यांत पाठवावं लागलं. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हेच लहान प्रमाणात घडतं. एकदा कुणीतरी रागात एक शब्द जोराने बोलतं, पोपट तो उचलतो, सगळे हसतात किंवा सगळे रागावतात. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच. खोलीत एकदम गलका झाला, म्हणजे शब्द कामाचा आहे.

नको असलेला शब्द घालवायचा तर त्याला उत्तर देऊ नका. हसू नका, ओरडू नका, पिंजऱ्यावर कापड टाकू नका, ‘असं नाही बोलायचं’ असंही म्हणू नका, कारण तेही उत्तरच झालं. त्याच्याकडे न बघता हातातलं काम चालू ठेवा. त्याने दुसरा कुठलाही आवाज काढला, शीळ घातली, ‘हॅलो’ म्हटलं, की मात्र लगेच वळा आणि दिलखुलास बोला. पहिले काही दिवस तो तोच शब्द जास्त जोराने म्हणेल, इथंच बहुतेक लोक हार मानतात. घरातल्या एकानेही मधे हसून दिलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काही आठवडे नेट धरला तर शब्द मागे पडतो. पूर्ण पुसला जात नाही, पण क्वचितच ऐकू येतो.

याउलट, आवडणाऱ्या चाळ्याला मनापासून हसा. न्यूझीलंडमध्ये किया नावाचे डोंगरी पोपट आहेत. त्यांची खेळताना काढायची एक खास गुरगुर असते. २०१७ मध्ये संशोधकांनी तिचं ध्वनिमुद्रण रानातल्या कियांना ऐकवलं तर ते तिथल्या तिथे खेळायला लागले. कुणी दुसऱ्याबरोबर, कुणी एकटाच वस्तू उडवत, कुणी हवेत कसरती करत. आपल्या हसण्यासारखीच ती गुरगुर पसरते. म्हणून घरात हसणं असलं की पोपटही खेळकर होतो, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण काही गोष्टी मजेशीर दिसतात आणि तशा नसतात. लोक मला चित्रफिती पाठवतात, खाली हसरे चेहरे असतात, आणि बघताना माझा जीव वरखाली होतो. डोळ्याची बाहुली पटापट लहानमोठी होते आहे, शेपटी पंख्यासारखी पसरली आहे, मानेवरची पिसं उभी आहेत आणि तो एका बाजूने दुसरीकडे झपझप चालतो आहे. याला लोक ‘डान्स’ म्हणतात. तो पराकोटीचा उत्तेजित असतो आणि त्या क्षणी बोट पुढे केलं तर कडकडून चावतो. चावल्यावर त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने आधी सगळं सांगितलेलं असतं. तसंच, मान वरखाली करत पोटातला घास वर आणून तुमच्या बोटावर, मोबाइलवर किंवा आरशावर ठेवणं. ही उलटी नव्हे, जोडीदाराला भरवणं आहे. एखाद्या वेळी घडलं तर प्रेम म्हणून घ्या. रोज घडू लागलं तर आरसा काढा, पाठीवरून आणि शेपटीकडे हात फिरवणं थांबवा, फक्त डोकं आणि मान कुरवाळा, आणि कपाटात, सोफ्याखाली, खोक्यात शिरू देऊ नका. अंधारी बोळकांडी म्हणजे त्याच्या लेखी घरटं. मादी असेल तर नराशिवायही ती अंडी घालत सुटते आणि अंगातलं कॅल्शियम संपवून बसते. अशा मादीला वाचवताना आमची कसोटी लागते.

उलट झोपण्याआधी चोच चोचीवर घासत केलेली करकर ऐकून घाबरून येणारे पुष्कळ. ती समाधानाची खूण आहे. एकदा एका घरातून ‘खोकणारा’ पोपट आणला होता. मी छाती ऐकली, नाकपुड्या पाहिल्या, वजन केलं, सगळं ठीक. मग कळलं की घरातल्या आजोबांना कित्येक वर्षांचा खोकला, आणि पोपट तो अगदी घसा खाकरण्यापासून शेवटच्या ‘हरी’पर्यंत काढत होता. तरी त्यांनी तपासायला आणलं ते बरोबरच केलं. श्वासागणिक शेपटी वरखाली होणं, चोच उघडी ठेवून श्वास घेणं, पिसं फुगवून तळाशी बसून राहणं ही नक्कल कधीच नसते. हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. आणि एकच हालचाल तासन् तास करणं, एकाच जागी डुलत राहणं किंवा स्वतःची पिसं उपटणं दिसलं, तर आधी आजार नाही ना हे तपासून घ्या आणि मग त्याच्या एकटेपणाचा विचार करा.

मोकळा फिरणारा पोपट असेल तर छताचा पंखा बंद, पाण्याची भांडी झाकलेली, स्वयंपाकघराचं दार लावलेलं. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, दुसऱ्या खोलीत असला तरी. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट अजिबात नाही. मिरची मात्र तो मजेत खातो, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. ते बघून कुणी थक्क झालं की बंड्या दुसरी मिरची मागतो.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. पोपट ही रानात शिकार होणारी जात. अनोळखी जीव समोर आला की आधी गप्प बसायचं, बघायचं, मग ठरवायचं. म्हणून ‘बोल ना, बोल ना’ म्हणत पिंजऱ्याजवळ तोंड नेलं की तो आणखी आक्रसतो. पाहुण्यांना दूर बसवा, त्याच्याकडे टक लावू नका, आपापल्या गप्पा चालू द्या. पुष्कळ पोपट अर्ध्या तासाने गप्पांच्या मधेच तोंड घालतात. नाहीच बोलला तर संध्याकाळी कान देऊन ऐका. अ‍ॅलेक्सही एकटा असताना नव्या शब्दांचा सराव करायचा. दिवसभर ऐकलेलं तिन्हीसांजेला पुटपुटत घोळवणं ही माझ्याकडच्या अनेक पोपटांची सवय आहे. त्यात पाहुण्यांचं हसणंसुद्धा सापडेल.

झोप रोज दहा ते बारा तास, अंधारात आणि शांततेत. अपुऱ्या झोपेचा पोपट चिडका होतो आणि त्याचे चाळेही आक्रस्ताळे होतात. आणि खाणं वाटीत आयतं देऊ नका. कागदाच्या पुरचुंडीत बांधा, पुठ्ठ्यात खोचा, त्याला शोधू द्या. चाळे करायला त्याच्याकडे वेळ खूप आहे. नीट सांभाळलेला राखाडी पोपट ४०-५० वर्षं जगतो, म्हणजे तुमचा धाकटा स्वतःच्या मुलांना हाका मारेल तेव्हाही हा तिथं असू शकेल.

आईच्या आवाजातली हाक मोडायची का, असंही तुमच्या मनात असेल. मोडू नका. फक्त मुलाने दर वेळी धावत जायची गरज नाही. दोघांसाठी एक छोटी शीळ ठरवा, दोन सुरांची पुरे. पोपटाने हाक मारली की मुलाने जिथं असेल तिथूनच ती शीळ घालायची. काही दिवसांत तो हाकेऐवजी शीळच घालू लागेल, उत्तर आलं की गप्प होईल, आणि पुन्हा चमच्याकडे वळेल.